न बोलणाऱ्या मुलीची बुद्धी मोजताना: पहिल्या अहवालापासून नव्या प्रमाणपत्रापर्यंत

जून २०२३ मध्ये लेकीचा मानसशास्त्रीय अहवाल हातात आला, तेव्हा ती आठ वर्षं दोन महिन्यांची होती. ऑटिझमचं निदान तिसऱ्या वर्षीच झालं होतं. ती बोलत नाही. काही आवाज, एखाद-दुसरा शब्द आणि हवं त्या ठिकाणी आपला हात धरून नेणं, एवढंच. अहवालात कामाच्या तीनच ओळी होत्या: बिने-कामत चाचणीला प्रतिसाद नाही, व्हीएसएमएसवर सामाजिक वय ३ वर्षं १ महिना, एसक्यू (सामाजिक भागांक) ३८, निष्कर्ष, ऑटिझमसह मध्यम बौद्धिक अक्षमता. या तीन ओळींच्या जोरावर शाळेने तिला बालवाडीच्या मुलांबरोबर बसवायचं ठरवलं.

तिथून जून २०२५ पर्यंत काय काय करावं लागलं ते क्रमाने लिहिते आहे. ज्यांच्या हातात असाच कागद नुकताच पडला असेल, त्यांना पुढची पायरी दिसावी म्हणून.

आकडा कुठून आला

पहिले काही आठवडे अहवाल समजून घेण्यातच गेले. आमचं म्हणणं असं की थेरपीच्या जाहिराती चाळण्याआधी हे करावं, कारण पुढचे सगळे निर्णय याच कागदावरून होतात.

व्हीएसएमएस म्हणजे व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल. डॉ. मॅलिन यांनी नागपुरात तिची भारतीय आवृत्ती तयार केली आणि आपल्याकडे आजही बहुतेक ठिकाणी तीच वापरतात. तिच्यात ८९ बाबी आहेत. मुलाला काहीच विचारत नाहीत. पालकांना विचारून खुणा करतात. सुटी वाक्यं बोलते का, घडलेलं सांगते का, बटणं लावते का, शौचाला जायचंय हे सांगते का, शेजारीपाजारी एकटी जाते का. या खुणांवरून 'सामाजिक वय' काढतात, त्याला खऱ्या वयाने भागतात आणि शंभराने गुणतात. आमच्या बाबतीत ३७ महिने भागिले ९८ महिने, म्हणून ३८. ही आकडेमोड बरोबरच होती. लेकीला रोजच्या जगण्यात किती मदत लागते हे ३८ हा आकडा नीट सांगतो. पण तिला काय कळतं हे त्यात कुठेच विचारलेलं नाही. जीभ आणि बोटं साथ देत नसतील तर कितीही समजणाऱ्या मुलाचा एसक्यू खालीच येणार. आणि एसक्यूचा आकडा आयक्यूच्या जागी लिहिला गेला की पुढे तो आयक्यू म्हणूनच वाचला जातो.

बिने-कामत ही खरी बुद्धिमत्ता चाचणी. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. तिच्यात वस्तूंची नावं सांगायची असतात, अंक ऐकून पाठोपाठ म्हणायचे असतात, वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवायचं असतं, शब्दांचे अर्थ सांगायचे असतात. न बोलणाऱ्या मुलाच्या कागदावर इथे 'प्रतिसाद नाही' असंच येणार. मॅलिन यांच्याच मिस्क या मुलांसाठीच्या बुद्धिमत्ता चाचणीत अर्धा भाग तोंडी आहे. उरलेल्या अर्ध्यात ठोकळे जुळवणं, कोडी, चक्रव्यूह असतं, पण तिथे हाताचं कसब लागतं आणि बऱ्याच ठिकाणी घड्याळ लावलेलं असतं. सेगँ फॉर्म बोर्ड बिनशब्दांचा आहे. लाकडी फळीत दहा आकार बसवायचे, तीनदा, आणि सगळ्यांत कमी लागलेला वेळ धरायचा. ज्या मुलाला तुकडा कुठे जातो हे कळतं पण मनगट वळत नाही, ते इथेही मागे पडतं.

म्हणून कोणत्याही अहवालाला तीन गोष्टी विचाराव्यात. प्रश्न कसा दिला, बोलून की दाखवून? उत्तर कशाने मागितलं, तोंडाने, हाताने की नुसत्या बोटाने? आणि वेळ मोजली का? या तिन्हींची उत्तरं अहवालात नसतील तर लेखी मागून घ्यावीत. आम्हाला ती मागितल्यावर एका पानावर मिळाली आणि पुढे फार कामाला आली.

याच सुमारास दोन अभ्यास वाचले. मिशेल डॉसन, ज्या स्वतः ऑटिस्टिक आहेत, आणि त्यांच्या माँट्रियलच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ३८ ऑटिस्टिक मुलांना वेक्सलर (नेहमीची, बरीचशी तोंडी बुद्धिमत्ता चाचणी) आणि रेव्हन अशा दोन्ही चाचण्या दिल्या. रेव्हनमध्ये नक्षीतला हरवलेला तुकडा शोधायचा असतो, बोलावं लागत नाही. त्याच मुलांचा क्रमांक रेव्हनवर सरासरी ३० पर्सेंटाइलने, म्हणजे शंभर समवयस्कांच्या रांगेत तीस जागांनी, वर गेला. २०१५ मध्ये व्हॅलेरी कुर्शेन आणि सहकाऱ्यांनी ६ ते १२ वयाची, न बोलणारी किंवा जेमतेम बोलणारी ३० मुलं घेतली. वेक्सलर चाचणी त्यांतल्या एकालाही पूर्ण करता आली नाही. रेव्हनचे सुटे तुकडे, चित्रात लपलेला आकार शोधणं अशी कामं दिल्यावर २६ मुलांनी निदान एक तरी काम पार पाडलं. यातून 'सगळी न बोलणारी मुलं हुशारच असतात' असं निघत नाही. 'प्रतिसाद नाही' म्हणजे 'बुद्धी नाही' असं लिहिता येत नाही, एवढं मात्र नक्की निघतं. आम्हाला तेवढं पुरेसं होतं. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

आधी कान, डोळे आणि शरीर

फेरतपासणीची घाई करू नका, असं आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने सुचवलं आणि ते बरोबर होतं. जुलै ते सप्टेंबर २०२३ या काळात तीन गोष्टी उरकल्या.

कानांसाठी बेरा, म्हणजे मुलाने उत्तर न देताही ऐकू येतं का हे पाहणारी तपासणी. झोपेत करतात, म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवून पहाटे उठवावं लागतं. तरीही झोप आली नाही तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली झोपेचं सिरप देतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. खासगीत सुमारे दोन हजार रुपये सांगितले होते. बेरापूर्वी कानातला मळ काढून घ्यावा, नाहीतर तारीख वाया जाते. डोळ्यांसाठी थेंब घालून रेटिनोस्कोपी, म्हणजे चष्म्याचा नंबर काढणं. त्यासाठी मुलाला अक्षरं वाचून दाखवावी लागत नाहीत. लेकीला दोन्ही डोळ्यांना चष्मा निघाला. तो नाकावर टिकायला पुढे दोन महिने लागले, पण रेव्हनच्या सहा पर्यायांतली बारीक नक्षी बिनचष्म्याने तिला धड दिसलीच नसती.

तिसरं, औषधं. काही मुलांना चिडचिड कमी करण्यासाठी रिस्पेरिडोन हे औषध चालू असतं आणि त्याने सुस्ती येते. चाचणी कोणत्या वेळी घ्यावी हे औषधाच्या वेळेवरून ठरवावं. औषध मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नये.

बोट

रेव्हन असो की चित्रशब्दांची चाचणी, मुलाकडून किमान एक गोष्ट हवी असते: चार किंवा सहा पर्याय पाहून त्यांतल्या एकाला मुद्दाम हात लावणं. हीच गोष्ट लेकीला जमत नव्हती. बघायची एकीकडे आणि हात पडायचा उजव्या खालच्या कोपऱ्यात, प्रश्न कोणताही असो. यालाच 'तिला कळत नाही' म्हणतात. थेरपिस्टने मात्र आधी खुर्चीकडे पाहिलं.

पाय लटकत असतील तर मुलाचं निम्मं लक्ष तोल सांभाळण्यात जातं. पायाखाली स्टूल, टेबल कोपराच्या उंचीला, कार्डं आडवी न ठेवता उतरत्या फळीवर. टेबलाच्या मधोमध, तिच्या बाजूला, एक जाड स्टिकर लावला. प्रत्येक उत्तरानंतर हात तिथे परत. हात उजवीकडे पडून राहिला की पुढचं उत्तरही उजवीकडेच जातं, म्हणून ही खूण. पर्यायांवर पुठ्ठा झाकून ठेवायचा, प्रश्न विचारायचा, पुठ्ठा काढायचा आणि मग गप्प बसायचं, दहा-पंधरा सेकंद. या गप्प बसण्याची सवय मोठ्यांना लावणं सर्वांत अवघड गेलं. तिसऱ्या सेकंदाला आपण प्रश्न पुन्हा विचारतो आणि मुलाने जमवत आणलेली हालचाल मोडते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन पर्यायांनी सुरुवात केली. दोन स्थिर झाले की तीन, मग चार. चारवर आम्ही बराच काळ राहिलो, सहा पर्यायांवर जुलै २०२४ मध्ये गेलो. प्रत्येक वेळी बरोबर उत्तराची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायची. माणसाने मनाने ठरवली तर नकळत ठरावीक ठेका येतो आणि मूल तो पकडतं.

प्रश्न वयाला साजेसे हवेत. आठ वर्षांच्या मुलीला 'सफरचंद कुठे आहे' हे शंभरदा विचारलं तर ती हात हलवणारच नाही, आणि आपण लिहिणार 'सहकार्य नाही'. आम्ही गोष्ट वाचायचो आणि त्यावर विचारायचो: सशाला उशीर का झाला, पुढे कोण येणार, पाणी उकळल्यावर काय होतं. चित्रं जाड कागदावर छापून घेतली. प्रश्न अवघड झाले तेव्हा तिचं लक्ष वाढलं, हे पाहून आम्ही सगळेच हललो.

हिशेब असा ठेवावा. चार पर्याय असतील तर डोळे मिटूनही चारांत एक बरोबर येतो, म्हणजे वीस प्रश्नांत पाच. वीसपैकी दहा किंवा जास्त नुसत्या नशिबाने बरोबर येणं शंभरात एखाद-दुसऱ्या वेळीच घडतं. म्हणून वीस-वीसचे गट करून वहीत तारीख, बरोबर किती आणि कोणत्या जागेवर हात गेला हे लिहायचं. जागेचा रकाना विसरू नका. चुका सगळ्या एकाच कोपऱ्यात पडत असतील तर तो हाताचा प्रश्न आहे. चारही जागांवर पसरल्या असतील तर आशय खरंच कळलेला नसू शकतो. उपाय दोन्हींचे वेगळे.

याच काळात बोलण्याला पर्याय म्हणून चित्रांचं ॲप सुरू केलं. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं जेलो मोफत आहे आणि मराठीत चालतं: पडद्यावर नऊ विषय, कडेला हो, नाही, आवडतं, नावडतं, अजून, कमी अशी सहा बटणं. चेन्नईचं 'आवाज' नावाचं ॲप हे दुसरं. त्यात शब्दसंग्रह मोठा आहे, पण त्याला पैसे पडतात. दहा इंची अँड्रॉइड टॅबलेटला सुमारे चौदा हजार गेले. बोट घसरून दोन चित्रं एकदम दाबली जात होती, म्हणून पाट्या बनवणाऱ्याकडून तीन मिलिमीटर ॲक्रिलिकची खिडक्या कापलेली जाळी करून घेतली, सहाशे रुपयांत. टॅबलेटवर स्क्रीन पिनिंग (एकाच ॲपवर पडदा अडकवून ठेवणं) चालू ठेवावं, नाहीतर तो व्हिडिओंचा डबा होतो. चार्जिंग संपतं, पडदा फुटतो, म्हणून त्याच चित्रांचं छापील, लॅमिनेट केलेलं पान दप्तरात हवंच.

ॲप मुलासमोर ठेवून 'सांग' म्हटल्याने काही होत नाही. आधी कित्येक महिने मोठ्यांनीच बोलताना त्यावर बोट ठेवत जायचं, मुलाकडून काही न मागता. जे मूल आठ वर्षं फक्त ऐकत आलं, त्याला त्या चित्रांची भाषा कोणीतरी बोलून दाखवायला हवी. आणि ॲपमुळे बोलणं मागे पडेल ही भीती सोडावी. अभ्यासांत तसं दिसलेलं नाही.

हात धरून लिहून घेण्याबद्दल

या वाटेवर प्रत्येकाला कोणीतरी सांगतंच: मुलाचा हात धरा, अक्षरफलकावर न्या, बघा काय काय लिहितो. ओढ फार असते. म्हणून जरा थांबून लिहिते.

हात धरून लिहून घेण्याची पद्धत ऑस्ट्रेलियात रोझमेरी क्रॉसली यांनी पुढे आणली आणि १९९० च्या सुमारास ती अमेरिकेत पसरली. मग तपासण्या झाल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या एका केंद्रात १९९३ मध्ये १२ जणांची तपासणी झाली: लिहिणारी व्यक्ती आणि हात धरणारा मदतनीस यांना कधी एकच, कधी वेगवेगळी चित्रं दाखवली. चित्रं वेगळी असली की लिहिणाऱ्याने पाहिलेल्या चित्राचं नाव एकदाही उमटलं नाही. उमटलं ते मदतनीसाने पाहिलेल्याचं. मदतनीस लबाड नव्हते, त्यांना स्वतःलाही पत्ता नव्हता. अमेरिकेतल्या वाचा-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धत आणि दुसऱ्याने फलक धरून उत्तर घेण्याची रॅपिड प्रॉम्प्टिंग पद्धत, दोन्ही वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं.

मुलाला काहीच कळत नाही असं धरून चालणं हा अन्याय आहे, आणि आपले शब्द त्याच्या तोंडी घालणं हाही अन्यायच आहे. दोन्हींत त्याचं स्वतःचं म्हणणं हरवतं. म्हणून आम्ही नियम केला: फलक कोणी हातात धरायचा नाही, तो फळीवर, अंगाला हात नाही, विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसलेले काही प्रश्न प्रत्येक आठवड्यात. एकाने लेकीला दुसऱ्या खोलीत चित्र दाखवायचं, दुसऱ्याने येऊन विचारायचं काय पाहिलंस. पहिल्या महिन्यांत हे फारसं जमलं नाही. जमायला लागलं तेव्हाच 'हे उत्तर तिचं आहे' असं आम्ही लोकांना सांगू लागलो.

२०२४ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या विक्रम जसवाल यांच्या गटाने वेगळा मार्ग काढला. न बोलणाऱ्या ३१ ऑटिस्टिक किशोरांना आणि प्रौढांना टॅबलेटवर उजळणारी अक्षरं टिपायला दिली. निम्म्याहून अधिक जण खऱ्या वाक्यांतली अक्षरं निरर्थक क्रमापेक्षा वेगाने टिपत होते, म्हणजे पुढचं अक्षर कोणतं असणार याचा त्यांना अंदाज होता. हात धरायची गरजच नसलेली अशी तपासणी पुढे आणखी व्हायला हवी.

चाचणी

ऑगस्ट २०२४ पासून चिकित्सा मानसशास्त्रज्ञ शोधायला लागलो. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवीच, आणि अहवालावर नोंदणी क्रमांक हवा. तो नसेल तर कागद पुढे कुठेच चालत नाही. फोनवर आम्ही ठरावीक प्रश्न विचारत होतो: रेव्हन कलर्ड आहे का, तिची सुट्या तुकड्यांची आवृत्ती आहे का? न बोलणाऱ्या मुलांच्या चाचण्या आधी घेतल्यात का? दोन बैठकांत घ्याल का? बऱ्याच ठिकाणी 'आधी मूल बोलू दे' असं उत्तर आलं. शेवटी पुण्यात एक बाई मिळाल्या. तारीख नोव्हेंबरची, फी दोन बैठका आणि अहवाल मिळून पाच हजार.

जाण्याआधी त्यांना दोन पानी माहिती पाठवली: ती उत्तर कसं देते, किती वेळ थांबावं लागतं, थकल्याची खूण काय (ती मनगट चावते), कशाने बिथरते (पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची फडफड). एक मिनिटाचा व्हिडिओही. खोली पाहून येण्यासाठी आदल्या दिवशी पंधरा मिनिटं मिळाली. हे सगळं नक्की मागा, कोणी सहसा नाही म्हणत नाही.

एक पथ्य मात्र पाळा. रेव्हनची पुस्तिका किंवा तिच्या प्रती मिळवून घरी सराव घेऊ नका. आकडा फुगतो, चाचणी वाया जाते आणि पुढच्या वेळी तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. सराव बोट दाखवण्याचा करायचा, तिथल्या नक्षीचा नाही. तीच चाचणी लगेच परतही घेता येत नाही. आम्हाला किमान सहा महिन्यांचं अंतर सांगितलं होतं.

कलर्ड रेव्हनमध्ये ३६ नक्ष्या असतात, अ, अब आणि ब अशा तीन संचांत बारा-बारा. प्रत्येकीला सहा पर्याय आणि वेळेची अट नाही. नुसत्या अंदाजाने साधारण सहा बरोबर येतात, हे लक्षात ठेवून आकडा वाचावा. पहिल्या बैठकीत बाईंनी अ आणि अब घेतले, सुटे तुकडे उचलून भोकात ठेवायच्या आवृत्तीवर. पालक खोलीत, पण लेकीच्या मागे, तिला दिसणार नाही असे. आमच्या डोळ्यांकडे पाहून उत्तर देते की काय ही शंकाच उरू नये म्हणून. अबच्या शेवटी मनगट तोंडात गेलं, बैठक थांबली. दुसऱ्या बैठकीत ब संच आणि चित्रशब्द: एक शब्द ऐकायचा, चार चित्रांतलं एक दाखवायचं.

३६ पैकी २५. वयाच्या मानाने पंचविसाव्या पर्सेंटाइलच्या आसपास. चित्रशब्दांत साधारण साडेसहा वर्षांच्या मुलाइतकं. व्हीएसएमएस पुन्हा केली, एसक्यू ४१. आम्ही गाडीत बसून हे तिन्ही आकडे कितीतरी वेळ पाहत होतो. नक्षीचं कोडं सोडवताना ती आपल्या वयाच्या मुलांच्या रांगेत आहे, ऐकलेले शब्द समजण्यात काही वर्षं मागे आणि रोजच्या कामांत खूप मागे. एकाच मुलीत हे सगळं असू शकतं. तिला सरासरीत बसवून एक आकडा काढला की तिन्ही गोष्टी खोट्या होतात.

ज्यांच्या मुलांचा रेव्हनवरही आकडा खाली येईल त्यांच्यासाठी: त्या दिवशी, त्या खोलीत, त्या हाताने काय दाखवता आलं, एवढंच तो सांगतो. वर आलेला आकडासुद्धा बुद्धीचा एकच कप्पा दाखवतो. आणि शिकवण्याचा, आदराने वागवण्याचा हक्क कोणत्याही आकड्यावर ठरत नाही.

अहवालाचा मसुदा घेऊन एकदा वाचावा. आमच्या विनंतीवरून त्यात तीन वाक्यं आली: कोणत्या चाचण्या देता आल्या नाहीत आणि का, उत्तर कोणत्या मार्गाने घेतलं, आणि 'एसक्यूवरून बौद्धिक पातळीचा निष्कर्ष काढू नये'. शाळेत आणि सिव्हिलमध्ये सगळ्यात जास्त उपयोग या तिसऱ्या वाक्याचा झाला.

सिव्हिल

जुन्या तात्पुरत्या दिव्यांग प्रमाणपत्राची मुदत मार्च २०२५ मध्ये संपत होती. जानेवारीतच स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज भरला: आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, जुनं प्रमाणपत्र. शुल्क नाही. नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणेच टाका, एका अक्षराच्या फरकावर अर्ज अडकतो. जिल्हा रुग्णालयात ऑटिझमचं मंडळ ठरावीक वारीच बसतं, ते आधी फोन करून विचारावं. आम्हाला बोलावणं फेब्रुवारीच्या अखेरीस आलं.

ऑटिझमची टक्केवारी आयक्यूवरून ठरत नाही, ती ठरते इसा या भारतीय मोजपट्टीवरून. ४० बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण. ७० पासून सौम्य, १०७ पासून मध्यम, १५३ च्या वर तीव्र. लेकीला ११८, म्हणजे ७० टक्के. पालकांनी इथे मुलाचा सगळ्यात चांगला दिवस सांगू नये आणि सगळ्यात वाईटही. साधारण आठवडा सांगावा. मंडळाने जुन्या कागदावरून 'बौद्धिक अक्षमता' हा शब्द पुढे ओढायला सुरुवात केली तेव्हा नवा अहवाल पुढे केला. दहा मिनिटं चर्चा झाली आणि प्रमाणपत्रावर फक्त ऑटिझम आलं. बौद्धिक अक्षमता खरोखर असेल तर ती लिहून घेण्यात काही कमीपणा नाही, तिचे हक्कही वेगळे मिळतात. पण ती तपासून लिहिलेली असावी.

छापील कार्ड पोस्टाने यायला वेळ लागतो. पोर्टलवरून उतरवून घेतलेलं चालतं. त्याच कागदावर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्याचं नूतनीकरण केलं, वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण. २०२५ मध्ये जुन्या करप्रणालीत प्राप्तिकराच्या कलम ८०डीडीच्या सवलतीसाठी ऑटिझमला फॉर्म १०-आयए लागत होता, त्यावर सही त्याच फेरीत घेतली.

शाळा

एप्रिल २०२५ मध्ये मुख्याध्यापिकांना अर्ज दिला, प्रत गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांना, पोच शिक्क्यासह. अर्जात भावनिक काही लिहिलं नाही. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ मधली तीन कलमं लिहिली: २(एफ), ज्यात संवादाच्या व्याख्येत पर्यायी साधनं धरली आहेत, १७(एफ), बोलण्याला जोड म्हणून अशी साधनं वापरण्याला चालना द्यावी असं सांगणारं, आणि १७(आय), अभ्यासक्रमात आणि परीक्षेत बदल, जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. सोबत नवा अहवाल, प्रमाणपत्र आणि वीस-वीसच्या गटांची वही.

वहीने जे काम केलं ते कलमांनीही केलं नसतं. विषयतज्ज्ञांनी वही उलटून पाहिली आणि म्हणाले, "ताई, आपण आत्ताच घेऊन बघू का?" त्यांनी स्वतः परिसर अभ्यासातले प्रश्न काढले, लेकीला घेऊन बसले, आम्ही बाहेर. जूनपासून ती तिसरीच्या वर्गात बसते आहे, वयाने वर्गात थोडी मोठी. आराखडा लेखी आहे: दिवसाचे तीन तास वर्गात, मधे दोनदा शांत जागा, टॅबलेट आणि छापील पान बाकावर कायम, परीक्षा पर्यायी कार्डांवर, तीन तासांच्या पेपरला एक तास जादा या प्रमाणात वेळ, उत्तरं नोंदवायला विषयतज्ज्ञ किंवा दुसऱ्या वर्गाच्या बाई, घरचं माणूस नाही. गणितातली उभी मांडणी कार्डांवर कशी घ्यायची हे अजून सुटलेलं नाही. सध्या शेवटचं उत्तरच चार पर्यायांत देतो, त्यामुळे ती मधल्या पायरीला कुठे अडते ते कळत नाही.

कार्डांचं माप खूप जण विचारतात, म्हणून देते. ए-फोर कागद, २२० जीएसएम जाडीचा, चार भागांत आखलेला, प्रत्येक भागाच्या मधोमध एक पर्याय, अक्षर ४८ पॉइंट. दोन पर्यायांच्या मध्यांत किमान दहा सेंटिमीटर अंतर सुटतं. चकचकीत लॅमिनेशन टाळा, वर्गातल्या ट्यूबलाइटची तिरीप त्यावर पडते, मॅट घ्या. मागच्या बाजूला उत्तर लिहू नका, विचारणाऱ्याला ते दिसतं. क्रमांक लिहा आणि उत्तरांची यादी वेगळी ठेवा. शंभर कार्डांचा रंगीत छपाईसह खर्च आमच्याकडे साधारण अडीच हजार आला.